पोरांच्या मनाची जखम कोण ऐकणार?

बाबासाहेबांच्या 'शिका' या आदेशाचे पालन करून आमची पोरे-पोरी वस्तीतून, गावकुसाबाहेरून निघाली आणि विद्यापीठांत, वैद्यकीय महाविद्यालयांत, आयआयटीत पोहोचली. याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. परंतु तेथे त्यांच्या मनावर जे घाव बसतात, त्यांचा हिशेब आम्ही ठेवला आहे काय? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आम्ही मोर्चे काढले, निवेदने दिली. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ही लढाई लढलीच पाहिजे. पण जे पोर आज वसतिगृहाच्या खोलीत दार लावून बसले आहे, ज्याची झोप उडाली आहे, त्याचे काय?

त्याला आम्ही सांगतो, "खंबीर हो. बाबासाहेबांनी किती सोसले!" हे खरेच आहे. पण बाबासाहेबांनी स्वतः काय लिहून ठेवले, ते आम्ही वाचत नाही. बडोद्यातील पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावून लावले. त्यानंतर अठरा वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ते लिहितात की, तो प्रसंग अजून पुसला गेलेला नाही आणि तो आठवला की डोळ्यांत पाणी येतेच. एवढ्या मोठ्या माणसाने हे लपवले नाही. मग आमच्या वीस वर्षांच्या पोराने अश्रू का लपवावेत?

अशा आघातानंतर आणखी एक पेच उभा राहतो. जगण्याचा अर्थच हातातून निसटतो. "आई-बापांनी देव सोडले, मी वंदना घेतो, ध्यान करतो, तरी माझे मन का शांत होत नाही? माझ्यातच काही खोट आहे काय?" असा प्रश्न पोराला पडतो. कोणी नातेवाईक त्याला बुवाकडे ओढतो, तर कोणी म्हणतो, हे मागच्या जन्मीचे भोग. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत साफ नाकारला आहे. परंतु ग्रंथात नाकारलेली गोष्ट दुखावलेल्या मनात मागच्या दाराने परत शिरते. एरिक एरिकसन या मनोविश्लेषकाने १९५८ साली तरुण मार्टिन ल्यूथरवर पुस्तक लिहिले. 'मी कोण?' आणि 'माझी श्रद्धा कशावर?' हे दोन प्रश्न तरुणपणी एकमेकांत कसे गुंततात, हे त्यात दिसते.

येथे मनोविश्लेषणाची उपचारपद्धती उपयोगी पडू शकते. हे श्रीमंतांचे खूळ आहे, असे आमच्यातील काहीजण म्हणतील. त्यांनी तिचा जनक सिग्मंड फ्रॉइड याची एक आठवण ऐकावी. त्याच्या बापाची नवी टोपी एका ख्रिश्चनाने चिखलात उडवली आणि "ज्यू, फुटपाथवरून खाली उतर" असे दरडावले. बापाने मुकाट्याने टोपी उचलली. लहानग्या फ्रॉइडला ते आयुष्यभर सलले आणि स्वप्नांवरच्या १९०० सालच्या ग्रंथात त्याने ते लिहिले. ही गोष्ट आमच्या कोणत्या घरात घडलेली नाही?

या उपचारात आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा, ठरल्या वेळी, सुमारे पन्नास मिनिटे मनात येईल ते बोलायचे असते. उपदेश नसतो. हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. समोरचाही आपल्याला तुच्छच लेखत असेल, या भीतीने पोर कधी येण्याचे टाळते. मग त्या भीतीवरच बोलणे होते. ती कोठून आली, कोणी पेरली, हे हळूहळू उमगते. जे अंगावर येत होते, त्याला शब्द मिळतात.

मात्र ऐकणाऱ्याला जात कळली पाहिजे. "तू फार संवेदनशील आहेस" असे म्हणणारा उपचारक व्यवस्थेचा गुन्हा पोराच्या स्वभावावर ढकलतो. फ्रान्झ फॅनन या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञाने १९५२ च्या 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स'मध्ये दाखवून दिले की, काळ्या माणसाच्या मनातील न्यूनगंडाची मुळे वसाहतवादी समाजात आहेत. अल्जेरियातील रुग्णालयात त्याने रुग्ण तपासले, १९५६ मध्ये राजीनामा दिला आणि तो स्वातंत्र्यलढ्यात उतरला. त्याचे निधन ६ डिसेंबर १९६१ चे. उपचार आणि संघर्ष त्याने एकमेकांविरुद्ध उभे केले नाहीत.

तथागतांनी तरी काय केले? मेलेले मूल छातीशी धरून आलेल्या किसा गोतमीला त्यांनी "रडू नकोस" म्हटले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, त्या घरची मोहरी आणायला सांगितले. दारोदार ती आपले दुःख बोलली, दुसऱ्यांचे ऐकत गेली आणि सावरली. 'अत्त दीप भव' याचा अर्थ एकट्याने कुढत बसणे असा नव्हे. विपश्यनेची दहा दिवसांची मौन शिबिरेही गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी नाहीत, असे त्या शिबिरांचे नियमच सांगतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने जातिभेदाविना उपचाराचा हक्क दिला आहे. तो विद्यार्थी संघटनांनी मागून घ्यावा. प्रत्येक वसतिगृहाला आमची भाषा जाणणारा, जात समजणारा समुपदेशक मिळालाच पाहिजे. आमच्या मुला-मुलींनी मानसशास्त्रात यावे आणि समाजाने त्यांच्या शिक्षणाला हातभार लावावा. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर फक्त ऐकण्यासाठी ठेवावा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर मात्र थांबू नये. त्याला एकटे सोडू नये, ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पोर गेल्यावर काढलेल्या मोर्चाला हजारो माणसे येतात. पोर जिवंत असताना त्याच्याजवळ बसायला एक तरी माणूस हवा. तो आपल्यातूनच उभा राहिला पाहिजे.

जयभीम!