बुरशीचे विष आणि रक्तातील फौज

दमट जागी ठेवलेल्या मक्यावर निळसर-हिरवी बुरशी चढते, हे तुम्ही पाहिले असेल. इ. स. १८९३ मध्ये बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन डॉक्टरने अशा बुरसलेल्या मक्यावरील बुरशीपासून एक स्फटिकरूप आम्ल वेगळे केले. तेव्हा इटलीत मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग ग्रासत असे, आणि तो बुरशीमुळेच होतो असा अनेकांचा समज होता. (समज चुकीचा ठरला, पेलाग्रा नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होतो.) आम्ल मात्र खरे होते! पुढे त्याला मायकोफिनॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

आपल्या रक्तात ते काय करते? रोगजंतू शिरले, की लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भराभर विभागून आपली फौज वाढवतात. प्रत्येक नव्या पेशीला नवा डीएनए हवा, आणि त्यासाठी ग्वानिन हा घटक हवा. इतर बऱ्याच पेशी जुने ग्वानिन पुन्हा वापरून भागवतात. लिम्फोसाइटांना ते पुरत नाही, नवे घडवावेच लागते. ते घडवण्यास लागणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, हे आम्ल अडवून धरते. फौजेची भरतीच थांबते म्हणा ना!

मूत्रपिंड-रोपणात नेमके हेच हवे असते, कारण परक्या मूत्रपिंडावर लिम्फोसाइट तुटून पडतात. १९९५ मध्ये या आम्लापासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आता असे रोगी ते रोज मोजून घेतात, आणि साध्या संसर्गापासूनही स्वतःला जपतात.