पडलेल्या दाताच्या जागी

दात पडला की शेजारचे दात फटीकडे कलतात आणि तिथले हाड झिजू लागते. यावर पर्याय तीन. कवळी स्वस्त, पण ती हिरडीवर टेकते; हाडाची झीज थांबत नाही. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर आधारलेला कृत्रिम दात, पक्का बसतो; मात्र त्यासाठी शेजारचे धडधाकट दात घासावे लागतात. तिसरा इम्प्लांट, म्हणजे जबड्यात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू. याचा शोध असा लागला: १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काही केल्या निघेना. हाडाने ते घट्ट धरले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. दंतवैद्याला हे आधीच सांगा.