घरातला समुद्र आणि टेस्ट किटचा भरवसा

शहाड, खास प्रतिनिधी : उन्हाळ्याच्या तोंडावर मोहने-शहाड परिसरात उल्हास नदीच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, हे इथल्या रहिवाशांना नवे नाही. सांडपाण्यातून येणारी नायट्रेट व फॉस्फेट ही तिचे खाद्य. याच नदीचे पाणी शहाडला उपसले जाते आणि शुद्धीकरणानंतर ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत पोहोचते. ‘स्टेम’ या पाणीपुरवठा संस्थेच्या नावात शहाड आणि टेमघर ही दोन्ही गावे दडलेली आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला चालते आणि निर्जंतुकीकरणासाठी थोडे क्लोरीन तर असावेच लागते. पण हेच पाणी घेऊन त्यात समुद्री मीठ कालवायचे आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत प्रवाळांचे जग वसवायचे ठरवले, तर सारा हिशेब बदलतो. प्रवाळाला क्लोरीन अजिबात सोसत नाही आणि नायट्रेट पाच-दहा मिलिग्रॅमच्या वर गेले की टाकीत शेवाळाचे राज्य सुरू होते. आपल्या टाकीतही एक छोटी जलपर्णी दबा धरून बसलेली असते, असे म्हणायला हरकत नाही.

गोड्या पाण्यातले गप्पी किंवा गोल्डफिश पाळणारा माणूस पाणी डोळ्यांनी पाहून निभावून नेतो. प्रवाळांच्या टाकीत ते जमत नाही, कारण समुद्राचे पाणी ही विलक्षण स्थिर गोष्ट आहे. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या सागरांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. खारेपणा कमीअधिक असला तरी प्रमुख क्षारांचे परस्परांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असल्याचे त्याला आढळले. ३५ खारेपणाच्या, म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात कॅल्शियम लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १,२९० मिलिग्रॅम असते. अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, शौकिनांच्या भाषेत साधारण साडेसहा ते सात ‘डीकेएच’ भरते. टाकीत ती बहुधा सात ते अकराच्या दरम्यान ठेवतात. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम व कार्बोनेटपासून बनवतात. त्यामुळे शंभर-दोनशे लिटरच्या टाकीतला साठा आटत जातो आणि तो बाहेरून भरून द्यावा लागतो. किती द्यायचा, हे सांगते टेस्ट किट. आणि गोम इथेच आहे.

किट म्हणजे रंगांची भाषा. ती आपल्याला अगदीच अपरिचित नाही. पाणीपुरवठ्याचा कर्मचारी नळाखाली काचनळी धरतो, दोन थेंब टाकतो आणि पिवळा रंग आला की ‘क्लोरीन आहे’ अशी नोंद करतो. ती ‘ओटी टेस्ट’ अनेकांनी पाहिली असेल. पण पाण्यात लोह, मँगेनीज किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही ही चाचणी पिवळी होऊ शकते. रंग खोटे बोलत नाही. मात्र आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर तो देतो आहे, याची खात्री नसते.

समजा, रविवारच्या सकाळी प्रवाळांची टोके पांढरट दिसू लागली. कॅल्शियमचे किट काढले. पाच मिलिलिटर पाणी, त्यात पीएच खूप वाढवणारे द्रव्य, मग दर्शक, आणि गुलाबीचा निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. आकडा आला ३२०. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण ओतले, संध्याकाळी पुन्हा मोजले, आकडा तोच. पुन्हा ओतले. प्रत्यक्षात टाकीत सुरुवातीपासूनच ४२० होते. दर्शक जुना झाल्याने रंग वेळेआधी पालटत होता. तिसऱ्या मात्रेनंतर पाण्यात चुन्याचा पांढरा धुरळा उठतो, पंपांवर थर बसतो आणि कॅल्शियमबरोबर अल्कलिनिटीही खाली कोसळते. आजारापेक्षा उपचाराने दगावणे, हा प्रकार या छंदात फार जुना आहे.

या चुकीला एक चोरवाट आहे आणि ती फुकट आहे. प्रवाळ सांगाडा बनवताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एका ठरलेल्या प्रमाणात वापरतात : अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरली, तर कॅल्शियम सुमारे २० मिलिग्रॅमने उतरते. म्हणजे एका आठवड्यात कॅल्शियम शंभराने घसरले आणि अल्कलिनिटी जागची हलली नाही, असे दोन किट सांगत असतील, तर दोहोंपैकी एक चुकते आहे. बाटली उघडण्यापूर्वी एवढा हिशेब करावा.

चुका अनेकदा हातातच असतात. पाच मिलिलिटरच्या नमुन्यात अर्धा मिलिलिटर जास्त गेला तर दहा टक्के फरक पडतो. थेंबाची बाटली तिरपी धरली की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून ती उभीच धरायची. ज्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डीकेएच, ते ७.८ आणि ८.४ यांतला फरक सांगूच शकत नाही. तशा किटवरून दशांशात चर्चा करणे व्यर्थ. रात्री पिवळ्या बल्बखाली रंगपट्टीशी तुलना करणे हाही नेहमीचा घोटाळा. दिवसा खिडकीजवळ, पांढऱ्या कागदासमोर पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर भुकटीच्या पुड्या दमट होऊन गोळा होतात. त्या हवाबंद डब्यात ठेवल्या नाहीत, तर वेष्टनावरच्या मुदतीच्या तारखेला फारसा अर्थ उरत नाही.

नायट्रेटची चाचणी त्याहून कावेबाज. बहुतेक किटमध्ये नायट्रेटचे आधी नायट्राइट केले जाते आणि त्या नायट्राइटला गुलाबी रंग येतो. साहजिकच पाण्यात मुळातच नायट्राइट असले, जसे नव्या टाकीत असतेच, तर नायट्रेटचा आकडा अवाच्या सवा फुगतो. काही किटमधली एक बाटली जोरात हलवावी लागते, कारण तिच्या तळाशी साका बसतो. ती नुसती डुचमळली तर आकडा चुकून कमी येतो. सूचनापत्रात ‘३० सेकंद हलवा’ असे लिहिले असेल, तर घड्याळ लावूनच हलवावे.

मग भरवसा ठेवायचा कशावर? किटचीच परीक्षा घ्यावी. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा, ताज्या पाकिटातला, सोनाराच्या काट्यावर तीन ग्रॅम तोलून एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यातले १०० मिलिलिटर घेऊन त्यात डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा एक लिटर करा. या द्रावणाची अल्कलिनिटी १० डीकेएच असते. किटने नऊ किंवा अकरा दाखवले तर किती चूक आहे ते कळलेच, आणि पुढच्या प्रत्येक आकड्यात तेवढी दुरुस्ती करता येते. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरसाठीही असेच. तो नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावला, तरी ३५ पाशी बरोबर असेलच असे नाही. ३६.५ ग्रॅम कोरडे मीठ ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवले की त्याचा प्रकाश वाकवण्याचा गुण ३५ खारेपणाच्या समुद्रपाण्याइतका होतो. यंत्र त्यावर लावावे. हे द्रावण टाकीत मात्र ओतू नये.

आता आरओच्या पाण्याबद्दल. सोसायट्यांमधून घरोघरी आरओ बसले आहेत, म्हणून तेच पाणी टाकीला चालेल असे अनेकांना वाटते. पिण्याच्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी पुन्हा मिसळले जाते किंवा खनिजांची नळी जोडलेली असते. टीडीएस मीटर ५० वा ८० दाखवत असेल तर ते त्यामुळेच. प्रवाळांच्या टाकीसाठी हे मिश्रण बंद करून पुढे डीआयनायझिंग रेझिन जोडतात आणि मीटर शून्यावर आणतात. तरीही मीटर केवळ विद्युतवाहकता जोखते. पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे ते सांगत नाही, म्हणून कार्बनचा फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. ठाण्याच्या खाडीचे किंवा किनाऱ्यावरचे पाणी बादलीने आणण्याचा विचारही करू नये.

एक गोष्ट कायद्याची. भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळ, समुद्रपंखे व काळे प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते जिवंत वा मृत बाळगणे गुन्हा आहे. परदेशी कठीण प्रवाळही ‘साइटिस’ करारात मोडतात. दुकानदाराकडे आयातीची कागदपत्रे मागावीत, आणि ती नसतील तर मासे व कृत्रिम खडकांवर समाधान मानावे. रसायनशास्त्र तेवढ्याने सोपेही होते.

उरली नोंदवही. दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक वेळी मोजलेले आकडे लिहिणाऱ्याला एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल दिसते. पीएच सकाळी कमी आणि दिवे बराच वेळ लागल्यावर जास्त असतो. वेळ बदलत राहिली तर नसलेले बिघाड दिसू लागतात. एखादा आकडा अचानक उडाला, तर आधी पुन्हा मोजावे, मग सोड्याच्या द्रावणावर किट तपासावे, जमल्यास दुसऱ्या बनावटीच्या किटने पडताळावे. एवढे करूनही शंका राहिली आणि प्रवाळ मलूल दिसत असतील, तर कोणतेही रसायन न ओतता त्याच तापमानाच्या व त्याच खारेपणाच्या ताज्या समुद्रपाण्याने टाकीतले दहा टक्के पाणी बदलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे.