लायक नाही, पण मत त्यालाच

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला तिथल्या राज्यघटनेच्या अटी तीनच: जन्मानं नागरिकत्व, किमान 35 वर्षं वय आणि देशात 14 वर्षं वास्तव्य. बस्स! तेवढ्या भांडवलावर अण्वस्त्रांचा ताबा मिळतो. आपल्याकडे तलाठी व्हायलासुद्धा पदवी लागते.

बाकीची लायकी मतदार ठरवतो, आणि ती तो कशी ठरवतो हे पाहू लागलं की डोकं चक्रावतं.

2016 च्या एक्झिट पोलमध्ये मतदारांना विचारलं, हिलरी क्लिंटन या पदाला लायक आहेत का? 52 टक्के ‘हो’ म्हणाले. डोनाल्ड ट्रम्प यांच्याबद्दल ‘हो’ म्हणणारे फक्त 38. खरी गंमत पुढेच आहे. ट्रम्प लायक नाहीत असं सांगणाऱ्या दर सहा जणांमागे साधारण एकानं मत त्यांनाच दिलं होतं! हिशेब मांडला, तर त्यांना पडलेल्या दर पाच मतांतलं निदान एक मत असल्या माणसाचं निघतं.

हे लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. उमेदवारात सर्वांत महत्त्वाचं काय, असंही त्याच पोलमध्ये विचारलं होतं. ‘बदल घडवण्याची ताकद’ म्हणणारे चाळीस टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्यांतल्या दहापैकी आठांहून अधिक ट्रम्पकडे गेले. अनुभवाला पहिला मान देणारे जेमतेम पंचमांश. त्यांतले बहुतेक सगळे क्लिंटनकडे. अनुभवी माणसांचाच वीट आला असेल, तर अननुभव हीच शिफारस ठरते.

याचं उलटं रूप 1937 मध्ये गॅलप संस्थेला दिसलं होतं. प्रश्न असा होता: बाकी सर्व बाबतींत लायक असेल, तर तुम्ही राष्ट्राध्यक्षपदासाठी स्त्रीला मत द्याल का? (बाईपण हीच उणीव, हे प्रश्नातच गृहीत धरलेलं!) ‘हो’ म्हणाले 33 टक्के. म्हणजे तिथे लायकी मान्य असूनही मत नाही. 2015 मध्ये स्त्रीला मत द्यायला तयार असणारे 92 टक्के झाले, पण अशा प्रश्नातल्या स्त्रीला नाव नसतं, पक्षही आपलाच असतो आणि तिच्याविरुद्ध कुणी उभं नसतं.

पुढच्याच वर्षी नाव असलेली स्त्री उभी राहिली. देशभरात तिला प्रतिस्पर्ध्यापेक्षा 28 लाखांहून जास्त मतं पडली, तरी ती हरली. कारण अध्यक्ष निवडतात ते इलेक्टोरल कॉलेजचे 538 सदस्य, आणि राज्याराज्यांतून आलेल्या त्या मतांची बेरीज ट्रम्प यांच्या बाजूनं पडली.