ब्रिजला कळतात फक्त दोन आकडे

ग्राफिक्स कार्डातली मेमरी असो की नेटवर्क कार्डाची रजिस्टरे, प्रोसेसरच्या लेखी ते सगळे नुसते पत्ते. रॅमचे पत्ते ज्या यादीत, त्याच यादीत हेही. प्रश्न असतो वाटेचा. इंटेलने १९९२ साली आणलेल्या पीसीआय बसमध्ये, आणि तिची वारसदार पीसीआय एक्स्प्रेस हिच्यातही, एका बसवरून दुसरीवर जायला ब्रिज लागतो. आलेला पत्ता पलीकडे सोडायचा की नाही, हे ब्रिज बेस आणि लिमिट या दोन आकड्यांवरून ठरवतो. त्यांच्या मधला टापू म्हणजे मेमरी विंडो.

हे आकडे लिहिण्यातली काटकसर पाहण्यासारखी आहे. रजिस्टर १६ बिटांचे, त्यातले पत्त्यासाठी वरचे १२च. पत्त्याचे खालचे २० बिट लिहायचेच नाहीत. बेससाठी ते सगळे शून्य धरायचे, लिमिटसाठी सगळे एक. म्हणून दोन्हींत हेक्साडेसिमल ९०१० लिहिले, तर विंडो ९०१००००० ते ९०१एफएफएफएफएफ अशी पुरी १ एमबीची उघडते. याहून लहान मिळत नाही. पलीकडच्या एसएसडीला १६ केबी पुरत असले तरी खर्ची पडतो १ एमबीच. आणि विंडो बंद करायची तर? बेस लिमिटपेक्षा मोठा लिहायचा, झाले काम!

उपकरणाला जागा किती हवी, हे लिनक्सचा कर्नल काढून घेतो तेही मोठ्या खुबीने. उपकरणाच्या पत्त्याच्या रजिस्टरात तो सगळे एक लिहितो आणि लगेच परत वाचतो. जे बिट उपकरणाने बदलूच दिले नाहीत, ते शून्य दिसतात. प्रकार सांगणारे खालचे ४ बिट शून्य धरून तळाशी १६ शून्ये निघाली, की मागणी ६४ केबीची. तेवढ्यात उपकरणाने भलत्याच पत्त्याला ओ देऊ नये, म्हणून मोजणीपुरते त्याचे कान बंद ठेवतात.

ब्रिजमागे ब्रिज असतात आणि आतल्याची विंडो बाहेरच्याच्या विंडोत मावावीच लागते. म्हणून लिनक्स बेरीज करतो तळापासून वर, आणि वाटप वरून खाली. त्यातही साधी मेमरी विंडो ४ जीबीच्या खालीच बसते. वाचल्याने काही बिघडत नाही अशा, म्हणजे प्रीफेचेबल मेमरीची विंडो मात्र ६४ बिटी पत्त्यावर जाऊ शकते. ग्राफिक्स कार्डाच्या कित्येक जीबींची सोय तिथेच होते.

पीसीत हे वाटप बहुधा फर्मवेअरने आधीच उरकलेले असते आणि लिनक्स ते शक्यतो मोडत नाही. खरी पंचाईत चालू यंत्रात नवे उपकरण जोडताना, म्हणजे हॉटप्लगमध्ये. शेजारच्या विंडोतली उपकरणे कामात असतात, त्यांना हलवणार कसे? म्हणून हॉटप्लगच्या रिकाम्या जागेसाठीही लिनक्स मुळात २ एमबी राखून ठेवतो. मागणी त्याहून मोठी निघाली आणि वरच्या विंडोतही जागा नसली, तर कार्ड यादीत दिसते, पण त्याच्या मेमरीला पत्ताच मिळत नाही आणि ड्रायव्हर हात टेकतो.