कुत्रा चिठ्ठीवर लिहून मिळेल का?

‘कुत्रा पाळा, हृदयविकार टाळा’ अशा थाटाचा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो आणि ‘यात तथ्य किती?’ असं विचारणारं पत्र पाठोपाठ येतं. या वेळच्या पत्रलेखिकेला मधुमेह आहे, गुडघे दुखतात, मुलं परगावी. मुलीने लॅब्राडोर आणायचा धोशा लावलाय.

या मेसेजचं मूळ १९८० सालच्या एका छोट्याशा शोधनिबंधात आहे. एरिका फ्रीडमन तेव्हा डॉक्टरेट करत होत्या. हृदयरोग विभागातून घरी गेलेले ९२ रुग्ण वर्षभरानंतर कसे आहेत, हे त्या पाहत होत्या. नातीगोती, एकटेपणा, पैसाअडका असे ढीगभर प्रश्न, त्यातच कुठेतरी एक: घरात पाळीव प्राणी आहे का? प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले होते, नसलेल्या ३९ पैकी ११. कुत्र्यामुळे चालणं होतं म्हणून असेल, अशी शंका त्यांनाही आली. कुत्रेवाल्यांना वगळून पाहिलं तरी फरक उरलाच. १९९५ मध्ये त्यांनी ३६९ रुग्णांवर पडताळा घेतला, तेव्हा कुत्री लाभली, मांजरं मात्र नाहीत. मेसेजमध्ये हे आकडे वाट्टेल तसे वाढवून येतात, बाईंचं नाव कधीच येत नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात निकाल उलटा लागला, प्राणी पाळणाऱ्यांचेच हाल जास्त, हेही येत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. रोज पुण्याची पर्वती टेकडी चढणारे आजोबा ठणठणीत असतात. पण पर्वतीमुळे ठणठणीत, की ठणठणीत म्हणून पर्वती? ज्यांचे गुडघे गेले ते केव्हाच खाली बाकावर बसले, त्यांना वर मोजणार कोण? वरच्या देवदेवेश्वराच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर पायऱ्यांनीच माणसं चाळून घेतलेली असतात. कुत्रा घेतानाही असंच होतं. चार पावलांत धाप लागणारा माणूस कुत्रा आणायच्या भानगडीत पडत नाही आणि मग ‘कुत्रा नसलेले लवकर जातात’ असा निष्कर्ष निघतो.

स्वीडनमध्ये २००१पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. (आपल्याकडे महापालिकेचा परवाना काढलेले किती जण तुमच्या ओळखीत आहेत?) ही नोंदवही रुग्णांच्या नोंदींशी जोडून २०१९ मध्ये जो अभ्यास आला, त्यात हृदयविकाराच्या झटक्यानंतर एकट्या राहणाऱ्या कुत्रेवाल्यांमध्ये मृत्यूचा धोका ३३ टक्के कमी दिसला, घरात जोडीदार किंवा मूल असेल तर १५ टक्के. माणसं लाखांनी, पण सिगारेट ओढतो का, हे नोंदवहीत नाही. चाळणी तशीच.

ती टाळायची तर चिठ्ठ्या टाकूनच कुत्री वाटायला हवीत. कॅरन ॲलन यांनी जवळपास तेच केलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात न्यूयॉर्कचे ४८ शेअर दलाल होते. सगळे एकटे राहणारे, रक्तदाब चढलेला, प्राणी पाळायला तयार. सगळ्यांना लिसिनोप्रिल ही रक्तदाबाची गोळी, निम्म्यांना जोडीला कुत्रा किंवा मांजर. सहा महिन्यांनी शांत बसलेले असताना दोन्ही गटांचा रक्तदाब सारखाच उतरलेला. तोंडी गणितं घालून ताण दिला, तेव्हा मात्र प्राणीवाल्यांचा दाब बराच कमी चढला. म्हणजे गोळी सोडून कुत्रा नव्हे, गोळीसह कुत्रा. मला हा प्रयोग फार आवडतो. ४८ हा आकडा केवढासा, ते ठाऊक असूनही.

जुनाट दुखण्याचं मोजमाप तरीही फक्त आयुष्यात करून भागत नाही. संधिवातात सकाळी बोटं इतकी आखडतात की पट्ट्याचा चाप दाबायलाही जीव खावा लागतो. कुत्रा दाराशी उभाच. मग अशी आखडलेली बाई उठते, चाप तिसऱ्यांदा दाबते, जिना उतरते. स्वतःसाठी उतरली नसती. त्याच जिन्यावर त्याने मांजर पाहून हिसका दिला, तर खुब्याचं हाड मोडतं. अमेरिकेत कुत्र्यामांजरांमुळे पडून जखमी झालेल्यांचा वार्षिक अंदाज ८६ हजारांवर गेला होता आणि त्यात बहुतेक वाटा कुत्र्यांचा.

त्यामुळे लॅब्राडोर नको, असं मी पत्रलेखिकेला कळवलं आहे. पिल्लूही नको. शांत स्वभावाचा, वयात आलेला, हलक्या अंगाचा गावठी बघा, आणि तोही कुत्र्यांची मुळात आवड असेल तरच. रुग्णालयात राहायची वेळ आली तर त्याला कोण नेणार, हे आणण्याआधी मुलीकडून वदवून घ्या. घरी कुत्र्याला बघणारं कोणी नाही म्हणून दाखल व्हायचं पुढे ढकलणारे रुग्ण असतात. डॉक्टर हे विचारत नाहीत, आपणहून सांगावं लागतं.