मुलांचा मायनस नंबर वाढतोय? वेग कमी करणाऱ्या लेन्स आणि आपल्या हातातले उपाय

देवगाव फाटा (ता. सेलू, जि. परभणी) असो की मराठवाड्यातली दुसरी कुठलीही वस्ती, मुलाला चष्मा लागला की हमखास ऐकू येतं, "आत्तापासून चष्मा लावला तर नंबर आणखी वाढेल." मग चष्मा दप्तरातच राहतो. मुलीचा असेल तर लग्नाच्या काळजीने आणखीच लपवला जातो. दुसरीकडे, नंबर रोखणाऱ्या लेन्स आल्या आहेत, असंही आता कानावर येतं. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टी तपासून घ्यायला सांगितलं आहे. म्हणून दोन्ही गोष्टी तपासून पाहू.

नंबर का वाढतो?

मायनस नंबर असलेल्या बहुतेक मुलांचा डोळा मागच्या बाजूला गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते आणि फळा धूसर दिसतो. डोळा जेमतेम एक मिलिमीटर जास्त लांबला तरी नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. वाढीच्या वयात हे सुरूच राहतं. लहान वयात नंबर लागला, तर तो पुढे मोठा होण्याची शक्यता जास्त. नंबर उणे सहाच्या पुढे गेला की मोठेपणी पडदा सुटणे, काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाची झीज हे धोके वाढतात. चष्म्याने स्पष्ट दिसतं, पण लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

लेन्स नेमकं काय करते?

या लेन्सच्या मधल्या भागातून मुलाला दूरचं स्पष्ट दिसतं. भोवतीच्या वलयांतून येणारा काही प्रकाश पडद्याच्या अलीकडे एकत्र येतो. त्यातून डोळ्याला 'आता लांब वाढू नकोस' असा इशारा मिळतो, असं शास्त्रज्ञ मानतात.

'मायसाइट' नावाच्या रोज बदलायच्या लेन्सला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली. ८ ते १२ या वयात सुरू करण्यासाठी ती आहे. तीन वर्षांच्या चाचणीत, साध्या लेन्सच्या तुलनेत, नंबर वाढण्याचा वेग सरासरी ५९ टक्क्यांनी कमी दिसला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या २९४ मुलांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधी लेन्स वापरणाऱ्यांचा नंबर तीन वर्षांत सरासरी १.०५ ने वाढला, तर जास्त पॉवरची बहुकेंद्री लेन्स वापरणाऱ्यांचा ०.६० ने.

म्हणजे तीन वर्षांत फरक जवळपास अर्ध्या नंबराचा. लेन्सने नंबर जात नाही, वाढ पूर्ण थांबत नाही आणि प्रत्येक मुलाला सारखा फायदाही होत नाही.

घ्यायच्या आधी

रोज एक जोडी धरली तर वर्षाला सातशेहून जास्त लेन्स लागतात आणि हे काही वर्षं चालतं. एवढा खर्च झेपेल का, हे आधीच ठरवावं. मध्येच पैसे संपले म्हणून तीच लेन्स पुन्हा वापरणं घातक आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच लेन्स हाताळायची. लेन्सला नळाचं, हंड्याचं, बोअरचं कुठलंच पाणी लागू द्यायचं नाही. लेन्स घालून झोपायचं नाही, अंघोळ करायची नाही, विहिरीत पोहायचं नाही. डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर दिसू लागला तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर नजर जाऊ शकते.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कमीपणा मानू नये. याच तत्त्वावरच्या चष्म्याच्या काचाही आहेत. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत त्यांचाही परिणाम दिसला. शिवाय अ‍ॅट्रोपिनचे अगदी कमी मात्रेचे थेंब आहेत, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मध, गुलाबपाणी किंवा कसलाही रस डोळ्यांत घालू नये.

पैसे न लागणारे उपाय

पहिला उपाय म्हणजे पूर्ण नंबरचा चष्मा. तो लावल्याने नंबर वाढत नाही. मुद्दाम कमी नंबरचा दिल्याने वाढ रोखली जाते, हेही सिद्ध झालेलं नाही.

दुसरा उपाय उजेडाचा. दिल्लीतल्या ९,८८४ शाळकरी मुलांच्या तपासणीत १३.१ टक्के मुलांना मायनस नंबर आढळला. रोज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहणाऱ्यांत प्रमाण कमी होतं. चीनमधल्या ग्वांगझू इथे शाळांनी रोज ४० मिनिटं मैदानावरचा तास वाढवला. तीन वर्षांत नवा नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण तिथे ३०.४ टक्के राहिलं, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर शाळांत ते ३९.५ टक्के होतं. सकाळ-संध्याकाळ अंगणात खेळणं हा म्हणूनच उपायच आहे, वेळेची नासाडी नव्हे.

समाज म्हणून काय करता येईल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची असते. दृष्टिदोष असलेल्या शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. आपल्या शाळेत पथक आलं का, चष्मे मिळाले का, हे पालकांनी आणि विहार समितीने विचारायला हवं. सेलूच्या किंवा परभणीच्या सरकारी रुग्णालयात मूल नेलं, तर थेंब टाकून नंबर काढायला सांगा आणि दर सहा महिन्यांनी तपासा. कागद जपून ठेवा. नंबर किती वेगाने वाढतोय ते त्यावरूनच कळतं.

जयंतीच्या वर्गणीतला काही भाग नेत्रतपासणीला आणि चष्म्यांना देता येईल. बाबासाहेबांनी शिक्षणाचा आग्रह धरला. मागच्या बाकावरच्या मुलीला फळाच दिसत नसेल, तर शाळेत घातल्याने आपलं कर्तव्य संपत नाही.